फ्रान्सने परराष्ट्र सेवा बरखास्त केली? नाही, दोन संवर्ग ‘मृत’ केले

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून वर येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “फ्रान्सने २०२२ मध्ये आपली परराष्ट्र सेवाच बरखास्त केली. एना ही संस्था बंद केली, परीक्षा संपल्या. पूर्वी एनातून आलेलेच राजदूत व्हायचे, आता राष्ट्राध्यक्ष वाटेल त्याला राजदूत करतात. अधिकाऱ्यांनी संप केला तेव्हा कुठे सरकार नमलं. भारतानेही आयएफएसचं असंच करावं.” शेवटच्या वाक्याच्या जागी कधी “भारतातही हेच येणार, सावध राहा” असं असतं. म्हणजे चुकीची माहिती एकच, पण ती दोन्ही बाजूंच्या कामाला येते.

एकेक विधान पाहण्याआधी मूळ घोटाळा कुठे आहे ते पाहू. तो संवर्ग आणि पद यांत आहे. महाराष्ट्रात हा फरक समजावून सांगायची गरज नसावी. उपजिल्हाधिकारी संवर्गातला अधिकारी आज प्रांत असतो, उद्या एखाद्या महामंडळावर प्रतिनियुक्तीने जातो, परवा मंत्र्यांचा खासगी सचिव होतो. संवर्ग त्याच्याबरोबर फिरतो, पद मागे राहतं. फ्रेंच सेवा कायद्याचा पायाच हा आहे: श्रेणी अधिकाऱ्याची, पद सरकारचं.

फ्रान्सच्या राजपत्रात, म्हणजे ‘जुर्नाल ओफिसिएल’मध्ये, राजदूताच्या नेमणुकीचा आदेश एका वाक्याचा असतो. त्याचा साचा असा: “राष्ट्राध्यक्षांच्या अमुक तारखेच्या आदेशान्वये श्री. अमुक, द्वितीय श्रेणी मिनिस्त्र प्लेनिपोतांसिएर, यांची श्री. तमुक यांच्या जागी, ज्यांना अन्य कामगिरीवर बोलावण्यात आले आहे, तमुक देशातील फ्रेंच प्रजासत्ताकाचे विशेष व पूर्णाधिकारी राजदूत म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.” या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावानंतर लगेच येतो तो संवर्ग आणि श्रेणी. पुढे येतं ते पद. २०२२ च्या आदेशाने बदलला तो पहिला तुकडा. दुसऱ्याला हातही लागला नाही.

जाता जाता एक भाषिक गफलतही दूर करू. ‘मिनिस्त्र प्लेनिपोतांसिएर’चं भाषांतर काही ठिकाणी ‘पूर्णाधिकारी मंत्री’ असं झालंय आणि त्यावरून “फ्रान्समध्ये मंत्र्यांनाच राजदूत करतात” अशी आणखी एक पुडी सुटली आहे. हा माणूस मंत्री नसतो, मंत्रिमंडळात बसत नाही. ती परराष्ट्र खात्यातली सगळ्यात वरची श्रेणी होती. तिच्याखाली परराष्ट्र सल्लागार म्हणजे ‘काँसेये’, त्याखाली परराष्ट्र सचिव म्हणजे ‘सेक्रेतेर’. हा सचिवही आपल्या मंत्रालयातल्या सचिवासारखा नव्हे, तो मधल्या फळीतला अधिकारी.

“परराष्ट्र सेवाच बरखास्त केली”

१६ एप्रिल २०२२ च्या आदेशाने दोन संवर्ग बंद करायचं ठरलं: मिनिस्त्र प्लेनिपोतांसिएर आणि काँसेये. अंमल १ जानेवारी २०२३ पासून. दोन्ही मिळून सुमारे ८०० अधिकारी. फ्रेंच कायद्यात अशा संवर्गाला ‘विझत चाललेला’ म्हणतात. आपल्या शासन निर्णयांच्या भाषेत याला नेमका शब्द आहे: मृत संवर्ग. नवी भरती नाही, आत असलेले निवृत्त होईपर्यंत राहू शकतात, किंवा विकल्प देऊन नव्या संवर्गात जाऊ शकतात. मृत संवर्ग घोषित झाला म्हणून त्यातला कर्मचारी दुसऱ्या दिवशी घरी बसत नाही, हे राज्य शासनात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

नवा संवर्ग म्हणजे ‘राज्य प्रशासक’, फ्रेंचमध्ये ‘अॅदमिनिस्त्रातर द लेता’. तो डिसेंबर २०२१ च्या आदेशाने उभा राहिला. त्यात परराष्ट्र खात्याचेच नव्हे, तर प्रिफे (जिल्ह्यातले सरकारचे प्रतिनिधी), उपप्रिफे, वित्त निरीक्षक, वेगवेगळ्या मंत्रालयांतले वरिष्ठ प्रशासक असे अनेक संवर्ग ओतले गेले. म्हणजे राजनयिकांवर वेगळा राग काढला असंही नाही. ते एका मोठ्या एकत्रीकरणात सापडले.

सेक्रेतेरचा संवर्ग मात्र राहिला. सुमारे १६० दूतावास आणि खात्याचे १३ हजारांहून अधिक कर्मचारीही राहिले. उलट १६ मार्च २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी खात्यातल्या व्यापक विचारविनिमयाचा समारोप करताना २०२७ पर्यंत ७०० पदं वाढवायची घोषणा केली. त्या विचारविनिमयाचे मुख्य प्रतिवेदक होते जेरोम बोनाफाँ, २००७ ते २०११ या काळातले दिल्लीतले फ्रेंच राजदूत. बरखास्त केलेल्या सेवेत कुणी पदं वाढवत नाही. घोषणा आणि अर्थसंकल्प यांत अंतर पडतं ते सगळीकडेच, तो वेगळा विषय.

“एना बंद, परीक्षा संपल्या”

पहिला अर्धा भाग खरा. एना, म्हणजे राष्ट्रीय प्रशासन विद्यालय, ९ ऑक्टोबर १९४५ च्या वटहुकमाने स्थापन झालं, मिशेल दब्रे यांच्या पुढाकाराने. मॅक्राँ स्वतः तिथलेच. त्यांनी ८ एप्रिल २०२१ रोजी ते बंद करण्याचं जाहीर केलं आणि १ जानेवारी २०२२ पासून त्याच्या जागी राष्ट्रीय लोकसेवा संस्था आली. ठिकाण तेच, स्ट्रासबुर्ग. प्रवेशही स्पर्धा परीक्षेनेच: एक परीक्षा बाहेरच्या पदवीधरांसाठी, एक आधीच सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी, एक खासगी क्षेत्रातून किंवा लोकप्रतिनिधित्वातून येणाऱ्यांसाठी. शिवाय साध्या आर्थिक परिस्थितीतल्या मुलांसाठी वेगळ्या तयारी वर्गांतून येणारा एक मार्ग.

मग बदललं काय? एनातून बाहेर पडताना लागणाऱ्या गुणवत्ता यादीवर माणसाचं अख्खं आयुष्य ठरायचं. वरचे पंधराएक जण थेट काँसेय देता (सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय), लेखा न्यायालय आणि वित्त निरीक्षणालयात जायचे. पंचविशी-तिशीत, एकही जिल्हा न पाहता, दुसऱ्यांच्या कारभाराची तपासणी करायला. ही थेट उडी बंद झाली. आता आधी काही वर्षं प्रत्यक्ष कारभारात घालवावी लागतात. टीका करायची तर या बदलाच्या परिणामांवर करता येईल. परीक्षाच नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

“पूर्वी एनातून आलेलेच राजदूत व्हायचे”

हे विधान सगळ्यात जास्त लोकांना खरं वाटतं, म्हणून इथे जरा थांबू.

के दोर्सेला, म्हणजे सीन नदीकाठच्या परराष्ट्र खात्याला, एना हा एकच दरवाजा कधीच नव्हता. एनाच्या प्रत्येक तुकडीतून तिथे येणारे बोटांवर मोजण्याइतके असत. दुसरा, जुना आणि खात्याचा जीव असलेला दरवाजा म्हणजे ‘काँकूर दोरियाँ’, पौर्वात्य परीक्षा. नावात पूर्व असली तरी क्षेत्र मोठं: अरबी, चिनी, जपानी, रशियन, फारसी, तुर्की, हिंदी, स्वाहिली अशा भाषा. उमेदवार भाषा आधी शिकून येतो आणि मग परीक्षा देतो. आपल्या आयएफएसमध्ये बरोबर उलटं आहे: आधी निवड, मग भाषेचं वाटप. त्यामुळे पौर्वात्य परीक्षेतून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून एका प्रदेशाचा जाणकार असतो, आणि तेच त्याचं भांडवल. तोटाही त्यातच: भाषेचा जाणकार म्हणून तिकडेच अडकून पडण्याची भीती.

ती भीती दर वेळी खरी ठरत नाही, याचं ठळक उदाहरण मोरीस गूर्दो-माँतान्य. एनाचे नव्हेत. हिंदी आणि उर्दू शिकून १९७८ साली पौर्वात्य परीक्षेने खात्यात आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या दूतावासात होते. आता पुढचा क्रम पाहा. १९९५ ते १९९७ पंतप्रधान आलाँ ज्युपे यांच्या कार्यालयाचे प्रमुख. हे परराष्ट्र खात्यातलं पद नव्हेच. १९९८ ते २००२ टोकियोत राजदूत. २००२ ते २००७ राष्ट्राध्यक्ष शिराक यांचे राजनैतिक सल्लागार; इराक युद्धाआधी, जानेवारी २००३ मध्ये, वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार काँडोलिझा राइस यांच्याशी बोलून अमेरिकेचा इरादा पक्का झाला आहे का हे चाचपणारे तेच. मग लंडन, २०११ ला बर्लिन, २०१४ ला बीजिंग, आणि २०१७ ते २०१९ खात्याचे महासचिव, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय पद.

या यादीत हिंदी-उर्दूचा थेट उपयोग फक्त सुरुवातीला. बाकी चार राजधान्यांपैकी एकही दक्षिण आशियातली नाही. आणि पंतप्रधान कार्यालयात असताना किंवा राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात असताना त्यांची श्रेणी कुठे गेली होती? कुठेच नाही. ती त्यांच्यासोबत होती, पद तेवढं बदलत होतं.

सिल्व्ही बेर्मान यांचंही तसंच. चिनी भाषेच्या वाटेने १९७९ मध्ये खात्यात आल्या. २०११ मध्ये बीजिंग, २०१४ मध्ये लंडन, २०१७ मध्ये मॉस्को. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्य देशात फ्रान्सने नेमलेली पहिली महिला राजदूत त्याच. या खात्याने बायकांना किती ताटकळत ठेवलं ते दोन तारखांतून कळतं: स्युझान बोरेल १९३० मध्ये राजनैतिक परीक्षा उत्तीर्ण झालेली पहिली स्त्री, आणि मार्सेल कांपाना पहिली महिला राजदूत, पनामात, १९७२ साली. मध्ये ४२ वर्षं.

आणि एना नव्हतंच तेव्हा? तेव्हाही परीक्षा होतीच. कवी पॉल क्लोदेल १८९० च्या परीक्षेत पहिला आला, चीनमध्ये वकिलातींत राबला, मग टोकियो, वॉशिंग्टन, ब्रसेल्स इथे राजदूत झाला.

“आता राष्ट्राध्यक्ष वाटेल त्याला राजदूत करतात”

यातला ‘आता’ हा शब्द चूक आहे. १९५८ च्या राज्यघटनेच्या कलम १३ नुसार राजदूतांची नेमणूक मंत्रिपरिषदेच्या बैठकीत होते. ११ जानेवारी १९८४ च्या सेवा कायद्याच्या कलम २५ नुसार (२०२२ पासून ही तरतूद लोकसेवा संहितेत आहे) काही पदं ‘सरकारच्या मर्जीतली’ ठरतात, आणि २४ जुलै १९८५ च्या आदेशातल्या यादीत दूतावासप्रमुख आहेत. तेव्हा बाहेरचा माणूस राजदूत करण्याची मुभा जुनीच. मितेराँ यांनी १९८१ मध्ये समाजवादी नेते आणि पत्रकार जिल मार्तिने यांना रोमला पाठवलं, १९८५ मध्ये पत्रकार एरिक रूलो यांना ट्युनिसला. सार्कोझींच्या काळात, २००७ मध्ये, डॉक्टर आणि कादंबरीकार जाँ-क्रिस्तोफ रुफाँ डाकारला गेले. डावे काय नि उजवे काय, हा अधिकार सगळ्यांनीच वापरला.

पण त्याच तरतुदीला दोन टोकं आहेत आणि फिरणाऱ्या मजकुरात त्यांचा मागमूस नाही. एक: अशा पदावरची नेमणूक केव्हाही रद्द होऊ शकते, कारण द्यावं लागत नाही. दोन: बाहेरून आलेला माणूस राजदूत झाला तरी त्यामुळे सरकारी सेवेत कायम होत नाही. पद गेलं की सगळं गेलं. संवर्गातला अधिकारी पद गेल्यावरही श्रेणीत राहतो, पगार घेतो, पुढच्या नेमणुकीची वाट पाहतो. कधी ती वाट फार लांबते, आणि के दोर्सेच्या मजल्यांवर कामाविना बसलेले माजी राजदूत हा तिथला जुना विनोद आहे.

‘वाटेल त्याला’ हेही खरं नाही, हे २०१९ मध्ये न्यायालयाने दाखवून दिलं. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने मर्जीतल्या पदांच्या यादीत काही महावाणिज्यदूतांची पदं घुसवली. लगेच कादंबरीकार फिलिप बेसाँ लॉस एंजेलिसला जाणार अशी बातमी आली. कर्मचारी संघटना काँसेय देतासमोर गेली आणि २७ मार्च २०१९ रोजी तो आदेश रद्द झाला. न्यायालयाचा मुद्दा साधा होता: महावाणिज्यदूताचं काम हे सरकारी धोरणाशी इतकं जवळून बांधलेलं नाही की त्यासाठी मर्जीची मुभा हवी. राजदूत चालेल, महावाणिज्यदूत नाही. रेघ बारीक आहे, पण आहे.

दुसरा लगाम यजमान देशाच्या हातात. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ४ नुसार राजदूताचं नाव आधी गुपचूप पाठवायचं, होकार मिळवायचा, मगच पुढे जायचं. नकार देणाऱ्याला कारण सांगायची गरज नाही. नेहमीचा क्रम असा: मंत्री नाव सुचवतो, राष्ट्राध्यक्ष मान्य करतो, संमती मागितली जाते, ती आल्यावर बहुतेक वेळा बुधवारच्या मंत्रिपरिषदेत नाव येतं, राजपत्रात छापलं जातं. मग राष्ट्राध्यक्षांच्या सहीची परिचयपत्रं घेऊन माणूस रवाना होतो. दिल्लीत असेल तर राष्ट्रपती भवनात ती सादर होतात.

हा क्रम उलटला की काय होतं, ते लोराँ स्तेफानिनी यांच्या बाबतीत दिसलं. अनुभवी राजनयिक, राष्ट्राध्यक्षांचे शिष्टाचारप्रमुख, व्हॅटिकनच्या दूतावासात आधी दुसऱ्या क्रमांकावर काम केलेले. कागदावर याहून योग्य माणूस मिळणं कठीण. जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिपरिषदेने त्यांचं नाव व्हॅटिकनसाठी पक्कं केलं, पण व्हॅटिकनची संमती हातात नव्हती. व्हॅटिकनने नकार दिला नाही. होकारही दिला नाही. नुसतं मौन. वर्षाहून अधिक काळ जागा रिकामी राहिली, शेवटी २०१६ मध्ये स्तेफानिनी युनेस्कोला गेले आणि व्हॅटिकनला फिलिप झेलेर. नाव आधी फुटल्यामुळे फ्रान्सला माघार घेणंही अवघड झालं. गुप्तता हा इथे दिखावा नसतो, ती दोन्ही बाजूंना अब्रू राखून मागे फिरायची वाट असते.

“संप केला तेव्हा सरकार नमलं”

संप झाला, २ जून २०२२ रोजी. खात्याच्या इतिहासातला हा दुसराच. पहिला १ डिसेंबर २००३ ला, पैशांच्या कपातीवरून. राग समजण्यासारखा होता. आदेश राजपत्रात आला तो १७ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये. कातरीन कोलोना, स्वतः संवर्गातल्या राजनयिक, परराष्ट्रमंत्री होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

सरकार नमलं नाही. संवर्ग ठरल्या दिवशी बंद झाले. पौर्वात्य परीक्षा मात्र टिकली.

अधिकाऱ्यांची खरी तक्रार परीक्षेबद्दल नव्हतीच. ती अशी: परराष्ट्र खातं, गृह खातं, अर्थ खातं असं सगळं एकाच संवर्गात आलं की दूतावासातल्या पदासाठी इतर खात्यांतले अधिकारीही रांगेत येतात, आणि वीस वर्षं एका प्रदेशावर घासलेल्या माणसाला त्याचं मोल मिळेलच याची खात्री राहत नाही. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. अरबी नीट यायला लागतात ती वर्षं कुठल्याही आदेशाने कमी होत नाहीत. सुधारणेच्या बाजूने म्हणायचं, तर आजचा राजदूत हवामान करार, व्यापारी निर्बंध, व्हिसा, अणुभट्ट्या हे सगळं हाताळतो. जैतापूरच्या प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव घेऊन बसणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याला हिंदीइतकंच वीज दराचं आणि अपघात-भरपाईच्या कायद्याचं ज्ञान लागतं. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. आमच्या मते वजन अधिकाऱ्यांच्या बाजूला थोडं जास्त, कारण वीज दर सहा महिन्यांत शिकता येतो.

“भारतानेही असंच करावं”

इथे थोडक्यात. बाहेरचा राजदूत ही भारतालाही नवलाई नाही. औंध संस्थानचे अप्पा पंत कुठलीही परीक्षा न देता १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले आणि पुढे लंडनपर्यंत पोहोचले. मुंबईचे नानी पालखीवाला १९७७ मध्ये वॉशिंग्टनला राजदूत झाले. त्यासाठी आयएफएस मोडावी लागली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४५ पदांसाठी बाहेरून थेट भरतीची (लॅटरल एंट्री) जाहिरात काढली आणि काही दिवसांत मागे घेतली. ती पदं सहसचिव, संचालक, उपसचिव यांची होती, राजदूतांची नव्हे. फ्रान्सचा २०२२ चा आदेश यांपैकी कशासारखाच नाही. त्याला आपल्याकडे जवळचं उदाहरण द्यायचं तर आयएएस, आयएफएस, महसूल, लेखा या सगळ्यांचा एकच संवर्ग करणं, आणि ते कुणी सुचवलेलं दिसत नाही.

पुढच्या वेळी मजकूर आला की पडताळणी सोपी आहे. फ्रेंच राजपत्र जालावर मोफत आहे. राजदूतांच्या नेमणुकीचे आदेश उघडा आणि नाव व पद यांच्या मधले शब्द वाचा. जुन्या लोकांपुढे अजून मिनिस्त्र प्लेनिपोतांसिएर दिसेल, नव्यांपुढे आणि विकल्प दिलेल्यांपुढे राज्य प्रशासक. तिथे काहीच नसेल, तर माणूस बाहेरून आलेला असण्याची शक्यता मोठी. मग अशी नावं किती, ते मोजा.